तापाचा पाचवा दिवस

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

चिखली, तळवडे, मोशी, चाकण या पट्ट्यात 'कावासाकी' हे नाव घेतले, की कोणालाही आधी मोटारसायकलच आठवेल. आकुर्डीच्या बजाज कंपनीने १९८०च्या दशकात या जपानी कंपनीशी सहकार्य केले आणि कारखान्यांत काम करणाऱ्या कितीतरी घरांसमोर 'कावासाकी बजाज' उभी राहिली. ती भागीदारी २०१७ साली संपली, पण नाव लोकांच्या तोंडात राहिले. आज ज्या कावासाकींविषयी बोलायचे आहे, त्यांचा या मोटारसायकलीशी नावापलीकडे काही संबंध नाही. ते होते डॉ. तोमिसाकु कावासाकी, टोकियोतले एक बालरोगतज्ज्ञ. त्यांच्या नावाचा एक आजार आहे. तो बहुधा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो. त्यात अंगातल्या रक्तवाहिन्यांना सूज येते, आणि वेळेवर उपचार झाला नाही, तर हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिन्या कायमच्या खराब होऊ शकतात. वेळेवर म्हणजे ताप आल्यापासून दहा दिवसांच्या आत. हा आजार ओळखायला जगाला किती काळ लागला, आणि आपल्याकडे तो अजूनही का निसटतो, याची ही हकिकत आहे.

सुरुवात आपल्याच भागातून करू. पिंपरी हे नाव देशाच्या नकाशावर ठळकपणे आले ते औषधामुळे. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने इथे 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स' हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी त्यातून पेनिसिलिन बाहेर पडू लागले. मोठमोठे कारखाने आले ते नंतर. चिखली तेव्हा इंद्रायणीकाठचे शेतीचे गाव होते. महापालिकेच्या हद्दीत ते आले १९९७ साली. पेनिसिलिनने त्या काळी खरोखर जादू केली. न्यूमोनिया, घशाचे आजार, जखमेत होणारा पू, यांनी दगावणारी मुले वाचू लागली. 'ताप आला की अँटिबायोटिक' ही सवय समाजाला लागली ती या यशातूनच. त्या सवयीला कोणी हसण्याचे कारण नाही. पण अँटिबायोटिक जंतूंना मारते. जिथे मारण्यासारखा जंतूच नाही, तिथे ते काय करणार? नेमका असाच एक ताप डॉ. कावासाकींच्या समोर आला.

तारीख होती ५ जानेवारी १९६१. टोकियोच्या हिरू भागातल्या रेडक्रॉस रुग्णालयात सव्वाचार वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. अंगात सारखा ताप, डोळे लालबुंद पण चिपडे नाहीत, ओठ फुटलेले, जीभ लाल, अंगावर पुरळ, मानेत गाठ, हातापायांचे तळवे सुजलेले. लक्षणे लोहितांग ज्वराशी, म्हणजे डॉक्टर ज्याला स्कार्लेट फीव्हर म्हणतात त्याच्याशी, मिळतीजुळती होती. तो जंतूंचा आजार आहे आणि पेनिसिलिनला चटकन दाद देतो. इथे मात्र प्रतिजैविकांचा काही उपयोग होईना. काही दिवसांनी ताप आपणहून उतरला. बोटांच्या टोकांची कातडी सुटू लागली. मुलगा बरा होऊन घरी गेला. डॉ. कावासाकी तेव्हा ३५ वर्षांचे होते आणि त्याच रुग्णालयात दहा वर्षे काम करत होते. एखादे ओळखीचे नाव लिहून कागद बंद करणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी लिहिले, 'निदान अज्ञात'.

वैद्यकाच्या इतिहासात या दोन शब्दांना मोठी किंमत आहे. चुकीचे नाव एकदा लिहिले, की प्रश्न तिथेच मिटतो. 'अज्ञात' लिहिले, की तो डोक्यात राहतो. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत अगदी तशीच लक्षणे असलेले दुसरे मूल आले, तेव्हा कावासाकींना पहिला मुलगा आठवला. १९६२ साल संपण्याआधी त्यांच्याकडे अशी सात मुले झाली. ती त्यांनी चिबा इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या बैठकीत मांडली. कोणी फारसे मनावर घेतले नाही. हा लोहितांग ज्वराचाच एखादा प्रकार असेल, एखाद्या औषधाची रिॲक्शन असेल, अशी उत्तरे मिळाली. कावासाकी वाद घालत बसले नाहीत. ते रुग्ण जमवत राहिले. १९६७ साली त्यांनी ५० मुलांची तपशीलवार माहिती असलेला चाळीसहून अधिक पानांचा निबंध जपानी भाषेतल्या ॲलर्जीविषयक मासिकात छापला. त्यात प्रत्येक लक्षण कोणत्या दिवशी दिसले आणि कधी गेले याची नोंद होती. प्रयोगशाळेतला मोठा शोध नव्हता तो. खाटेशेजारी उभे राहून केलेले निरीक्षण होते. आजही या आजाराचे निदान मुख्यतः त्याच निरीक्षणाच्या आधारे होते, कारण 'हा कावासाकीच' असे सांगणारी एकही रक्ताची तपासणी अजून निघालेली नाही.

त्या निबंधात एक गोष्ट मात्र अपुरी होती. हा आजार आपोआप बरा होतो आणि मागे काही ठेवत नाही, असे कावासाकींना सुरुवातीला वाटत होते. त्याला पहिला तडा गेला टोकियोतच. सेंट ल्यूक्स रुग्णालयातले डॉ. ताकाजिरो यामामोतो यांनी अशाच मुलांचे हृदयाचे आलेख काढून पाहिले. १९६८ साली त्यांनी २३ मुलांची माहिती छापली. त्यांतल्या ११ जणांच्या आलेखात दोष होता. म्हणजे हा केवळ कातडीचा आणि ओठांचा आजार नव्हता. यावर पुष्कळ वाद झाला. शेवटी १९७० साली जपान सरकारच्या मदतीने देशभर पाहणी झाली, तेव्हा अंगावर काटा आणणारी गोष्ट उघडकीस आली. बरी झाली म्हणून घरी सोडलेली काही मुले पुढे अचानक दगावली होती. शवविच्छेदनाच्या दहा प्रकरणांत एकच चित्र होते. हृदयाच्या रक्तवाहिन्यांना फुगे आलेले आणि त्यात रक्ताची गुठळी अडकलेली. दोन-तीन वर्षांच्या मुलाला हार्ट अटॅक, ही कल्पनाच तोवर कोणी केली नव्हती.

या आजाराचा सगळ्यात फसवा भाग इथेच आहे. दुसऱ्या आठवड्यात ताप उतरतो. पुरळ जाते, मूल थोडे खेळू लागते. घरातले सुटकेचा निःश्वास टाकतात. आणि साधारण त्याच काळात, बाहेरून काही दिसत नसताना, हृदयाच्या रक्तवाहिनीची सुजलेली भिंत सैल पडून फुगू लागलेली असते. उपचार न झालेल्या मुलांपैकी सुमारे चौथ्या हिश्शाच्या रक्तवाहिन्यांत असे दोष राहतात.

जपानबाहेर हा आजार कोणी पाहिलाच नव्हता, असे मात्र नाही. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हवाई बेटांवरच्या होनोलुलूमध्ये डॉ. मॅरियन मेलिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशी मुले दिसत होती. कावासाकींचा निबंध जपानीत असल्याने त्यांना तो ठाऊक नव्हता. १९७४ साली तो इंग्रजीत आला आणि दोन्ही टोके जुळली. मग जुनी कपाटे उघडली गेली. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातले डॉ. सॅम्युएल गी यांनी १८७१ साली सात वर्षांच्या एका मुलाच्या हृदयाचे वर्णन छापले होते. लोहितांग ज्वरानंतर वारलेला, असे समजल्या गेलेल्या त्या मुलाच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांना फुगे होते. तो बहुधा हाच आजार असावा, असे आता अनेक तज्ज्ञ मानतात. म्हणजे नाव मिळण्याआधी निदान नव्वद वर्षे हा आजार मुलांना गाठत होता, आणि दर वेळी तो दुसऱ्याच्या नावावर जमा होत होता.

उपचाराची गोष्टही अशीच आडवाटेने आली. सुरुवातीला ॲस्पिरिन हेच एक शस्त्र होते. १९८०च्या सुमारास युरोपातल्या डॉक्टरांना असे दिसले, की रक्तातल्या प्लेटलेट घटण्याच्या एका आजारात इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून दिले, की मुले लवकर सुधारतात. इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे निरोगी माणसांच्या रक्तद्रवातून वेगळी काढलेली प्रतिकारद्रव्ये. जपानी डॉक्टर केन्सेई फुरुशो यांनी ते कावासाकीच्या मुलांना देऊन पाहिले आणि १९८४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात निष्कर्ष छापले. अमेरिकेत डॉ. जेन न्यूबर्गर यांनी अनेक रुग्णालये मिळून १६८ मुलांवर याची पडताळणी केली. १९८६ साली निकाल आला. नुसते ॲस्पिरिन मिळालेल्या मुलांपैकी २३ टक्क्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत दोन आठवड्यांनी दोष होते. इम्युनोग्लोब्युलिनही मिळालेल्यांत ते प्रमाण ८ टक्के होते. सात आठवड्यांनी हाच फरक १८ आणि ४ टक्के असा उरला. सुरुवातीला हे औषध रोज थोडे थोडे देत. १९९१ साली ५४९ मुलांच्या दुसऱ्या चाचणीने दाखवले, की एकाच वेळी मोठी मात्रा, दहा-बारा तास सलाइनसारखी हळूहळू सोडली, तर जास्त चांगला गुण येतो. तीच पद्धत आज जगभर आहे. दहांतल्या एखाद-दोन मुलांना पहिल्या मात्रेने गुण येत नाही. त्यांना दुसरी मात्रा किंवा अन्य औषधे द्यावी लागतात. धोका जास्त असलेल्या मुलांना सुरुवातीपासूनच स्टिरॉइड देण्याचा फायदा २०१२ साली जपानमधल्याच चाचणीत दिसला.

मात्रा वजनाप्रमाणे ठरते, किलोमागे दोन ग्रॅम. बारा किलोच्या मुलाला २४ ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या जवळपास पाच बाटल्या. हे औषध कारखान्यात रसायनांतून बनत नाही. हजारो दात्यांचा रक्तद्रव एकत्र करून त्यातून ते काढावे लागते, म्हणून ते महाग आहे. कंत्राटी कामगाराच्या घराला तो खर्च पेलणे सोपे नाही. आपल्या पट्ट्यात कंपन्यांत, गणेश मंडळांत, वाढदिवसांना रक्तदान शिबिरे होतात. लाल पेशी अपघाताच्या, बाळंतपणाच्या रुग्णाला जातात हे सगळ्यांना माहीत असते. पण उरलेल्या पिवळसर रक्तद्रवातून एखाद्या बाळाचे हृदय वाचू शकते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

आता आपल्या देशाकडे वळू. भारतातल्या पहिल्या रुग्णाची नोंद १९७७ सालची मानली जाते. पण नंतर बराच काळ हा आजार पुस्तकातलाच राहिला. चंडीगडच्या पीजीआय या संस्थेत डॉ. सुरजित सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४पासून चिकाटीने नोंदी ठेवल्या. १९९४ साली त्या शहरात १५ वर्षांखालच्या दर लाख मुलांमागे जेमतेम अर्धा रुग्ण सापडत होता. २००७ साली तो आकडा साडेचारवर गेला. आजार एकाएकी नऊपट वाढला, की डॉक्टरांची नजर तयार झाली? बहुधा दोन्ही थोडे थोडे. पण नजर तयार झाल्याशिवाय आकडा दिसत नाही, एवढे नक्की. जपानमध्ये आजवर चार लाखांहून अधिक मुलांची नोंद झाली आहे. तिथल्या मुलांत हा आजार मुळात जास्त आहे हे खरे, पण तिथे शोधणारेही जास्त आहेत.

आपल्याकडे हा आजार निसटतो, त्याला घरगुती कारणेही आहेत. मुलाला ताप आणि अंगावर लाल पुरळ, म्हणजे गोवर. डोळे लाल, म्हणजे डोळे आले. ओठ-जीभ लाल, म्हणजे उष्णता झाली, तोंड आले. मानेला गाठ, म्हणजे कुठेतरी जखम असेल, त्याचे अवधाण. प्रत्येक लक्षणाला आपल्या भाषेत एक ओळखीचे नाव आहे आणि प्रत्येक नाव वेगवेगळे पाहिले तर पटण्यासारखे आहे. ही सगळी लक्षणे एकाच मुलाला, एकाच आठवड्यात आहेत, ही गोष्ट मात्र कोणीतरी बेरीज करून पाहिल्याशिवाय कळत नाही. त्यातून लक्षणे एकदम येतही नाहीत. सोमवारचे पुरळ बुधवारी नाहीसे होते. डोळे गुरुवारी लाल होतात. दोन दिवसांत गुण आला नाही म्हणून शुक्रवारी दुसऱ्या डॉक्टरांकडे नेले, तर त्यांना पुरळ दिसतच नाही. ते नवे अँटिबायोटिक देतात. त्यात त्यांचा दोष काय? त्यांच्यासमोर अर्धेच चित्र असते. चिखली-कुदळवाडीसारख्या भागात भाड्याच्या खोल्यांत राहणारी कुटुंबे दूरदूरच्या जिल्ह्यांतून, परप्रांतांतून आलेली असतात. आईवडील दोघे पाळीत काम करतात. मुलाला कधी आई दवाखान्यात नेते, कधी शेजारीण. कधी मध्येच गावी नेले जाते. चित्राचे तुकडे असे चार जागी विखुरतात.

२०२० साली या आजाराचे नाव एकाएकी घरोघरी पोहोचले. करोनाच्या पहिल्या लाटेत एप्रिलच्या अखेरीस ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी इशारा दिला, की करोना होऊन गेलेल्या काही मुलांत कावासाकीसारखी लक्षणे दिसत आहेत. इटलीतल्या बर्गामोहूनही तेच कळले. मुंबईतही अशी मुले येऊ लागली. शहरातल्या चार मोठ्या रुग्णालयांतल्या २३ मुलांचा अहवाल त्याच वर्षी 'इंडियन पेडिॲट्रिक्स'मध्ये आला. त्यांपैकी बरीच मुले रक्तदाब कोसळलेल्या अवस्थेत आली होती. हा आजार कावासाकीचा सख्खा भाऊ नव्हे, तर चुलतभाऊ म्हणावा असा होता. मुले वयाने मोठी होती, पोटाचा त्रास अधिक होता. पण कावासाकीसाठी तयार झालेले उपचार, इम्युनोग्लोब्युलिन आणि स्टिरॉइड, इथेही उपयोगी पडले. जपानमधल्या एका डॉक्टरने साठ वर्षांपूर्वी ठेवलेल्या नोंदी मुंबईतल्या मुलांच्या कामी आल्या. ५ जून २०२० रोजी, याच धामधुमीत, डॉ. तोमिसाकु कावासाकी वयाच्या ९५व्या वर्षी वारले. आजाराचे कारण त्यांना अखेरपर्यंत समजले नाही. ते आजही कोणाला समजलेले नाही. कुठल्यातरी संसर्गाने काही मुलांची प्रतिकारशक्ती भडकते आणि स्वतःच्याच रक्तवाहिन्यांवर उलटते, इतपत अंदाज आहे.

कारण कळले नसले, तरी ओळखायचे कसे हे कळलेले आहे. ताप पाच दिवस किंवा जास्त टिकला आणि त्याच्याबरोबर पुढील पाचांपैकी चार गोष्टी दिसल्या, तर डॉक्टर कावासाकीचे निदान करतात. दोन्ही डोळे लाल पण पू नाही. ओठ लाल, फुटलेले किंवा जीभ दाणेदार लाल. अंगावर पुरळ. हातापायांचे तळवे लाल, सुजलेले, आणि पुढे नखांखालून सुटणारी सालपटे. मानेत, बहुधा एकाच बाजूला, दीड सेंटिमीटरपेक्षा मोठी गाठ. यांशिवाय आपल्या मुलांत पाहण्यासारखी एक खास खूण आहे. जन्मल्यावर बाळाच्या डाव्या दंडावर बीसीजीची लस टोचतात. या आजारात काही मुलांची ती जुनी खूण अचानक लाल होते, सुजते, तिच्यावर खपली येते. जिथे बीसीजी देत नाहीत त्या देशांतल्या डॉक्टरांना ही खूण मिळत नाही. आपल्या बाळांच्या दंडावर ती आयती आहे. आणखी एक गोष्ट आईला सगळ्यांत आधी जाणवते. असे मूल कमालीचे चिडचिडे होते, कशानेही शांत होत नाही.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळांत मात्र फार सावध राहावे लागते. त्यांच्यात अनेकदा दोनच लक्षणे दिसतात, आणि हृदयाला धोका सगळ्यांत जास्त त्यांनाच असतो. अशा बाळाचा ताप पाच-सात दिवस उतरला नाही आणि कारण सापडले नाही, तर डॉक्टर रक्ताच्या तपासण्यांबरोबर हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे टू-डी एको, करून पाहतात. ती तपासणी दुखत नाही. पहिली एको चांगली आली, तरी काही आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. ती पुढची तारीख चुकवू नये. दहा दिवस उलटून गेले असले आणि ताप किंवा सूज चालूच असेल, तरी 'आता काय उपयोग' म्हणून घरी बसू नये. उपचार तेव्हाही देतात. ॲस्पिरिन मात्र घरच्या घरी मुळीच देऊ नये. विषाणूंच्या काही तापांत ते मुलांना घातक ठरू शकते. ज्या मुलाला इम्युनोग्लोब्युलिन दिले आहे, त्याची गोवराची लस साधारण ११ महिने पुढे ढकलावी लागते, म्हणून लसीकरणाच्या वेळी तो कागद दाखवावा.

प्रत्येक ताप कावासाकी नसतो. शंभरातले बहुतेक ताप तीन-चार दिवसांत उतरणारे, साधे असतात. घाबरून जाण्याचे कारण नाही. पण जपानी डॉक्टरांनी जे केले, ते करायला मोठे यंत्र लागत नाही. ताप आला त्या दिवसाची तारीख कॅलेंडरवर लिहावी. पुढे रोज काय दिसले ते एका ओळीत लिहावे, किंवा मोबाइलवर डोळ्यांचा, ओठांचा, अंगाचा फोटो काढून ठेवावा. पाचव्या दिवशीही ताप असेल, तर तो कागद आणि ते फोटो घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जावे. डॉक्टर बदलला, तरी कागद तोच असावा. गेलेले पुरळ डॉक्टरांना दिसणार नाही, पण त्याची नोंद दिसेल, आणि 'हा कावासाकी असेल का' हा प्रश्न त्यांना वेळेत, दहावा दिवस उजाडण्याआधी, विचारता येईल.